रुंद पाय, जाड बूट

गुरुवार, रात्री

आज घरी यायला उशीर झाला. कंपनीच्या बसमधून कॅनडा कॉर्नरलाच उतरले आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या त्या बुटांच्या दुकानात पुन्हा गेले. महिन्याभरात ही तिसरी खेप. तिथला मुलगा आता ओळखतो. त्याने काही न विचारता आतून खोका आणून समोर ठेवला. व्हॅन्स कंपनीचा नू स्कूल बूट. काळा स्वेड (लवदार चामडं), बाजूला फुगीर पांढरी पट्टी, उशीसारखी जाड जीभ, बोटाएवढ्या रुंद लेस. किंमत सात हजारांच्या आसपास.

पाय आत घातला आणि पहिल्यांदा लक्षात आली ती करंगळी. ती कशालाही टेकत नव्हती.

माझा पाय आठ नंबरचा आहे आणि पुढून चांगलाच रुंद आहे. शाळेत पीटीचे पांढरे बूट मुलांच्या खणातून यायचे. मेन रोडवर दिवाळीच्या खरेदीला गेलो की दुकानदार माझ्या पायाकडे बघून म्हणायचा, "लेडीजमध्ये सातच्या पुढे नाही, ताई." मग निमुळत्या चपलेत पाय कोंबायचा आणि घरी येऊन गरम पाण्यात बुडवून बसायचं. डाव्या करंगळीवरचं कुरूप दोनदा काढलं, दोन्ही वेळा परत आलं. आई म्हणते, पाय अगदी बाबांवर गेलेत. लहानपणी मला हे बोलणं फार लागायचं.

त्यामुळे हा बूट आवडला तो फॅशन म्हणून का, की पाय त्यात मावला म्हणून, हे मला नीट कळायला हवं. फॅशन असेल तर सात हजार जास्त आहेत. घरात खर्चाला देते त्याच्या निम्मे होतात.

शुक्रवार

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत स्केटबोर्डवर घालायच्या बुटांबद्दल वाचत बसले, कारण हा बूट त्याच जातीचा. डबा अर्धा राहिला. कारण सापडलं की जाडपणाचा अर्थच बदलतो.

व्हॅन्सचं पहिलं दुकान १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला उघडलं. खाली जाड रबर, त्यावर चौकटींची नक्षी. बोर्डावर पाय घट्ट राहतो म्हणून स्केटिंग करणाऱ्या पोरांनी तो बूट उचलला. मला सगळ्यात आवडली ती एका बुटाची गोष्ट. स्केटिंगमध्ये एकच पाय सारखा जमिनीवर घासतो, म्हणून जोडीतला एकच बूट आधी फाटतो, आणि तेव्हा त्यांना एकटा बूटही विकत मिळायचा! १९७७ मध्ये त्यांचा ओल्ड स्कूल नावाचा बूट आला. त्यात कापडाच्या जोडीला चामडं आलं, बाजूची पट्टीही तिथून सुरू झाली. बोर्डाच्या वरच्या बाजूला सँडपेपरसारखा खरखरीत थर असतो. उडी मारताना पुढच्या पायाची कड त्यावरून घासत वर जाते. नुसतं कॅनव्हास तिथे लवकर फाटतं, स्वेड जास्त दिवस तग धरतो. म्हणजे स्वेड केवळ दिसायला लावलेला नाही.

पुढे नव्वदच्या दशकात पोरं जिने, कठडे, पायऱ्यांवरून उड्या मारायला लागली. गरगरणारा बोर्ड पायावर आपटायचा, म्हणून जीभ फुगली, घोट्याभोवती गादी आली. २००१ च्या ओसिरिस डी३ या स्केटबोर्डच्या बुटाचे फोटो पाहिले तर बूट आहे की छोटी नाव, असं वाटतं. नंतर लाट फिरली. बोर्ड पायाला जाणवायला हवा म्हणून बूट पुन्हा पातळ झाले. आता परत येतोय तो त्या जाड काळातलाच घाट.

मी स्केटिंग करत नाही, आयुष्यात करणारही नाही. पण पाय आपटेल, घासेल, त्याला जागा लागेल असं धरून कोणीतरी हा बूट आखला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजवर माझ्या वाट्याला आलेले बूट पाय लहान दिसावा म्हणून केलेले होते.

शनिवार

सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेले. आज बूट तपासायलाच गेले होते. अंबडला आमच्याकडे गाड्यांसाठी रबराचे बुश आणि सील होतात, मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात रबरच असतं, तर पायातलं का तपासू नये?

बूट उलटा करून तळव्यात नख दाबलं. खूण उठली आणि लगेच गेली. मग पुढचा भाग वाकवून पाहिला, रबर आणि स्वेड जिथे भेटतात तिथे फट उघडते का म्हणून. उघडली नाही. आतल्या बाजूला कडेच्या पट्टीचा जोड बोटाला लागला. अशी पट्टी चिकटवून सगळा बूट एकत्र भट्टीत घालतात, म्हणजे रबर बुटासकट शिजतं. गंधक आणि उष्णता यांनी कच्चं, चिकट रबर पक्कं होतं हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं, आणि आमच्या प्रेसवर आजही तेच चालतं. कच्चं राहिलं तर पार्ट चिकट येतो, जास्त शिजलं तर ठिसूळ. हा बरोबर शिजलेला होता. बाजूच्या रॅकवरच्या बुटांना तयार वाटीसारखा तळ शिवलेला होता. तो प्रकार जड असतो, पण धक्का जास्त सोसतो. तेही घालून पाहिले. बोटं लगेच आवळली.

रबराची एवढी चौकशी करण्यामागे बाबांचे बूट आहेत. पहिल्या पगारात मी त्यांना चांगले चालायचे बूट घेतले होते. त्यांनी ते खोक्यात, खोका पिशवीत आणि पिशवी कपाटावर ठेवली. पाच वर्षांत फार तर चारदा घातले असतील. मग सिन्नरला आतेभावाच्या लग्नात, पंगतीतून उठताना, टाचेखालून काळा चुरा सांडायला लागला. मांडवाबाहेर येईपर्यंत एक तळ पूर्ण सुटला होता. बाबा तसेच अनवाणी गाडीपर्यंत चालत गेले आणि मला म्हणाले, "माझंच चुकलं, नीट ठेवायला हवे होते." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मधला थर पॉलियुरेथेनचा होता. हवेतली ओल त्याच्या साखळ्या हळूहळू तोडते, आणि बूट खोक्यात असला तरी ती थांबत नाही. हे मी त्यांना घरी येऊन कागदावर काढून समजावलं. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून पायात साध्या चपलाच आहेत.

दुकानातून बाहेर पडले तर पाऊस. पहिला चांगला पाऊस. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते उकरलेले, त्यामुळे पंचवटीपर्यंत लाल-काळा चिखल. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, लवदार बाजू. पाणी पितो आणि वाळला की कडक होतो. चार महिने पावसाळा, गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आलं ते बघायला अख्खं गाव जमणार, आणि मी काळा स्वेड जपत उभी राहणार का? स्कूटीवर बसल्या बसल्या ठरवलं, नको. घरी येऊन आईला सांगूनही टाकलं.

रात्री, शिफ्टवरून आल्यावर

सेफ्टी शूज काढले, तळपाय ठणकत होते. पंख्याखाली बसले आणि पुन्हा तेच मनात. पावसाचं कारण खरं आहे, पण ते बाबांच्या कपाटावरच्या खोक्यासारखं आहे. पावसात रेनकोटबरोबर प्लॅस्टिकच्या सँडल असतातच. उघडीप असेल त्या दिवशी हा घालायचा. भिजलाच तर आत रद्दी कोंबून सावलीत वाळवायचा, वाळल्यावर जुन्या टूथब्रशने लव उभी करायची. डाग खोडरबराने जातात. बुटाने डोंगर चढायचा नाही, पांडवलेणीच्या पायऱ्यांपुरता ठीक. दिवसभर चालायलाही याहून हलके बूट आहेत. हे सगळं मान्य करूनही मला तोच हवा आहे. सोळा वर्षांची असल्यापासून मी पाय टेबलाखाली लपवून बसते. हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवार

बाबांना घेऊन संध्याकाळी गेले. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि तेव्हाच खरं माप कळतं. जाड मोजे घातले. लेस सैल सोडल्या तर टाच उचलत होती, वरच्या दोन भोकांतून ओढून बांधल्या तशी बसली. जाड जिभेमुळे वरून कुठेही काचलं नाही.

बाबा खाली वाकले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकले. माझ्या अंगठ्यापुढे अंगठा दाबून पाहिला, शाळेचे बूट घेताना बघायचे तसा.

"बोटभर जागा आहे," ते म्हणाले. "रबर कसंय?"

"नीट शिजलंय, बाबा."

"मग घे."

मी पैसे दिले. तोवर बाबा बाकावर बसून खोक्यातला दुसरा बूट हातात फिरवत होते. वाकवला, तळव्यात नख दाबलं, खूण जाईपर्यंत बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी चप्पल काढली आणि पाय आत घातला. बरोबर बसला. उभे राहिले, टाच दोनदा आपटली.

मी त्या मुलाला विचारलं, "याच नंबरची आणखी एक जोडी आहे का?"

"काळ्यात नाही, ताई. निळ्यात आहे."

"निळा चालेल," बाबा म्हणाले.