लेकीसाठी घोडी पाहिली, तो दिवस
महालक्ष्मीला शर्यती धावून निवृत्त झालेली थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची आठ वर्षांची घोडी आज लेकीच्या बॅरल रेसिंगसाठी पाहून आलो. तीन पिंपांभोवती तिपानी आकारात वळत कमीत कमी वेळात धावण्याच्या या अमेरिकी खेळात पिंप पडले की 5 सेकंदांचा दंड बसतो. तरीही मला वेगापेक्षा मागच्या पायांच्या सांध्यांची अधिक काळजी होती, कारण वळताना सारा भार तिथेच येतो. उजवीकडे ती लोण्यासारखी वळली, डावीकडे मात्र दर वेळी शेपटी झटकून पाऊल आखडत होती. मी डाव्या सांध्यावर तळहात ठेवला, तर तो उजव्यापेक्षा स्पष्ट गरम लागला. “थोडी दमली आहे हो,” असे मालक म्हणाले. लेकीचे डोळे भरून आले. पण पशुवैद्यांनी एक्स-रे पाहिल्याशिवाय विसार द्यायचा नाही, हे मी तिला तिथेच सांगितले.