उन्हाळ्यात .२२३ साठी कुठली पावडर?

रीलोडिंग, म्हणजे रिकाम्या पुंगळ्यांत (काडतुसाच्या पितळी कवचांत) पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, आणि गोळी बसवून काडतुसं घरीच पुन्हा भरणं, नव्याने सुरू करणारा माणूस भाराच्या तक्त्यांचं मॅन्युअल उघडतो आणि थेट गोळीच्या वेगाच्या रकान्यात शिरतो. सगळ्यात मोठा आकडा शोधायचा आणि त्याच्यासमोर पावडरचं जे नाव छापलंय तो डबा विकत घ्यायचा. माझं मत उलटं आहे. तो रकाना सगळ्यात शेवटी बघावा. आधी पुंगळीचं पोट केवढं, मग तुम्ही नेम धरता त्या रेंजवर ऊन किती, मग ती पावडर मापातून, म्हणजे ठरावीक पावडर पाडणाऱ्या यंत्रातून, नीट पडते की नाही. एवढं झाल्यावर उरलेल्यांत जी वेगवान असेल ती खुशाल घ्या.

मी राहतो फिनिक्सजवळ, म्हणजे माझ्यासाठी ऊन हा मुद्दा पुस्तकी नाही. पण पोटापासून सुरुवात करतो. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीत .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी पावडर मावते, आणि .२२ हॉर्नेट या छोट्या काडतुसात .२२३ च्याही साधारण निम्मी. आपण पावडर ग्रेनमध्ये मोजतो. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम. मापात दोन-तीन दशांश ग्रेनची चूक झाली तर .३०-०६ ती पोटात घालते. हॉर्नेट घालत नाही. तिथे तेवढ्याने दाबही बदलतो आणि कागदावरचा गोळ्यांचा गटही फाकतो. म्हणून छोट्या कॅलिबरला "थोडं इकडेतिकडे चालतं" हा हिशोब लागू नाही. भार किती भरायचा ते आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते चालू मॅन्युअलमधून, आपल्याच गोळीच्या वजनासमोरचे, खालच्या टोकापासून सुरू करून घ्यायचे.

बंदुकीची नळी बारीक आणि पुंगळी मोठी, तर पावडर सावकाश जळणारी हवी. .२२-२५० आणि .२२३ दोन्हींत गोळी .२२४ इंचाचीच, पण .२२-२५० चं पोट मोठं, त्यामुळे ती जास्त संथ पावडर मागते. गोळी जड केली तरी तसंच: ४० ग्रेनच्या व्ही-मॅक्स गोळीला जी चपळ पावडर शोभते, ती ७७ ग्रेनच्या मॅचकिंग गोळीला सहसा शोभत नाही. हॉर्नेट दुसऱ्या टोकाला. तिचं पोट इतकं लहान की तिथे लिल'गन नावाची, मुळात .४१० शॉटगनसाठी काढलेली पावडर मस्त चालते.

आता मापाची गोष्ट. पावडरचे मुख्य आकार दोन. एक गोलसर दाण्यांची, बॉल पावडर: एच-३३५, सीएफई-२२३. दुसरी बारीक कांड्यांची: व्हारगेट, एच-४८९५, आयएमआर-४१९८, फिनलंडची एन-१३३. एच-३३५ मापाच्या ड्रममधून खसखशीसारखी ओघळते. हँडल वर, हँडल खाली, आणि काट्यावर तोच आकडा. व्हारगेटला हँडल खाली ओढलं की मध्येच हाताला अडकल्यासारखं होतं आणि कर्र असा आवाज येतो. ड्रमच्या कडेवर कांडी चिरडली गेलेली असते. त्या वेळी आकडा हलतो. शिवाय .२२ च्या अरुंद तोंडात कांड्या एकमेकींत अडकून फनेलमध्येच पूल बांधतात. फनेलला नखाने दोनदा टिचकी मारायची सवय मला त्यातूनच लागली. मी व्हारगेट मापातून थोडी कमी पाडतो आणि उरलेली ट्रिकलरने काट्यावर एकेक कांडी टाकत पुरी करतो. वेळ जातो. ज्याला शनिवारी सकाळी डबाभर काडतुसं रित्या डब्यांवर उडवायची आहेत त्याने हा उद्योग करू नये, त्याने बॉल पावडर घ्यावी.

व्हारगेटची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. .२२३ मध्ये तिचा नेहमीचा भार पुंगळी जवळजवळ गळ्यापर्यंत भरतो. चुकून दोनदा पडली तर ती बाहेर सांडते, लपत नाही.

मग मी व्हारगेटच का वापरतो, एवढा त्रास असूनही? ऊन. बेन एव्हरी रेंजवर जूनमध्ये दुपारी बाकावर ठेवलेली काडतुसं हातात घ्यावीत, चटका बसतो. गरम पावडर जास्त जोराने जळते, दाब वाढतो. एच-३३५ ला उष्णता चांगलीच जाणवते: सकाळी सात वाजता क्रोनोग्राफवर एक वेग, आणि अकरा वाजता त्याच डब्यातल्या काडतुसांचा दुसरा, वाढलेला. व्हारगेट आणि एच-४८९५ या ऑस्ट्रेलियात मलवाला इथे बनतात, आणि त्या तापमानाला कमी दाद देतील अशाच बेतलेल्या आहेत. थंडीत, कमाल मर्यादेच्या जवळ भार बसवायचा आणि तीच काडतुसं जूनमध्ये उडवायची, हे आमच्याकडे तरी कोणी करू नये. आणि नळी तापलेली असताना काडतूस चेंबरमध्ये ठेवून गप्पा मारू नयेत. सावकाश शिजतं ते आत.

छोट्या कॅलिबरच्या पावडरची निवड चुकली तर काय होतं याचं सर्वात मोठं उदाहरण व्हिएतनाममधलं आहे. एम-१६ रायफल आधी आयएमआर-४४७५ या कांडीच्या पावडरवर बेतलेली होती. १९६४ मध्ये सैन्याने बॉल पावडर, डब्ल्यूसी-८४६, स्वीकारली. गोळी तशीच, वेग तेवढाच, कागदावर सगळं ठीक. पण नव्या पावडरने रायफल जास्त झपाट्याने गोळ्या झाडू लागली, आणि तिच्यातलं कॅल्शियम कार्बोनेट गॅसच्या नळीत साचू लागलं. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलं नव्हतं. रायफली लढाईत अडकल्या आणि जवान मेले. अमेरिकी संसदेच्या समितीने १९६७ मध्ये यावर अहवाल दिला. पुढे कॅल्शियम कार्बोनेट कमी केलेली डब्ल्यूसी-८४४ आली, आणि आज दुकानात मिळणारी एच-३३५ ही तिचीच नागरी बहीण. वेगाचा रकाना शेवटी बघा, असं मी म्हणतो त्यामागे हेही आहे.

बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. तिथे ५.५६ ची काडतुसं बनतात, त्यामुळे माझा हा छंद त्यांना एकाच वेळी पोरखेळ आणि घरचा धंदा वाटतो. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे, लॉटचं प्रूफ कोण करतं तुझ्याकडे?" प्रश्न नेमका होता. कारखान्यात पावडरचा नवा लॉट आला की दाब आणि वेग मोजून त्या लॉटपुरता भार नव्याने ठरवतात. लॉट बदलला की भार बदलला. आपल्याकडे ती यंत्रणा नाही, म्हणून आपल्याला डब्यात विकतात ती पावडर वेगवेगळे लॉट मिसळून ठरावीक मर्यादेत आणलेली असते, मॅन्युअलमधला आकडा तिला लागू पडावा म्हणून. यातून दोन गोष्टी निघतात. सैन्याची काडतुसं सोडवून त्यातली पावडर, "ही एच-३३५ च आहे" म्हणत, वापरायची नाही. आणि डब्याचा लॉट बदलला की भाराच्या दोन पायऱ्या खाली येऊन पुन्हा वर चढायचं. हे बाबांना सांगितलं तेव्हा "हं, मग ठीक" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

नावांचा घोळ वेगळाच. एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एच-४१९८ आणि आयएमआर-४१९८ सुद्धा. आकडा सारखा, जळण्याचा वेग सारखा नाही, मॅन्युअलमधली पानं वेगळी. उलट एच-११० आणि विंचेस्टर २९६ ही दोन नावं एकाच पावडरची. यात तर्क शोधू नका, लेबल वाचा. बाकावर एका वेळी एकच डबा असावा, आणि मापात उरलेली पावडर त्याच डब्यात परत. प्रायमरही (पावडर पेटवणारी टिकली) पावडरबरोबरच निवडायचा असतो: रेमिंग्टनचा साडेसहा नंबरचा प्रायमर हॉर्नेटसाठी ठीक, .२२३ च्या दाबाला त्याचा कप पातळ पडतो.

२०२० नंतर व्हारगेट मिळणं हेच एक काम झालंय. दुकानाच्या फळीवर दिसली तर एका लॉटचा मोठा डबा घ्यावा, नाहीतर एच-४८९५ किंवा बेंचमार्क चालवावी. दोन्ही उन्हात नीट वागतात. इंटरनेटवरून मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, त्यामुळे आम्ही चार जण मिळून मागवतो.

ठेवायची कुठे, यावर घरात बरीच चर्चा झाली. आमचं गॅरेज उन्हाळ्यात भट्टी असतं, तिथे पावडर लवकर नासते. नासलेली ओळखणं सोपं आहे: झाकण उघडताच आंबट, नाकाला झोंबणारा वास, कधी तांबूस धूळ. अशी पावडर वापरायची नाही. शेवटी दाराजवळचं कोट ठेवायचं कपाट मला मिळालं. फिनिक्समध्ये त्यात कोट नसतातच, तेव्हा सौ.चा विरोध तत्त्वापुरता होता. डबे कंपनीचेच, लेबलसकट, कपाटाला कुलूप. पोलादी गन सेफमध्ये मात्र ठेवायचे नाहीत, मित्र कितीही आग्रह करोत. उघड्यावर पेटलेली पावडर भुर्र करून जळून जाते. पक्क्या बंद पेटीत तिला वाट मिळत नाही आणि ती पेटीच फोडते.