कणी म्हणजे तांदूळ का?

या प्रश्नावर आमची अख्खी दुपार गेली. सहा शेजारी देशांनी शेतीविषयक आदेश एकमेकांना वेळेवर कळवावेत, असं जाळं उभारायचं काम माझ्याकडे होतं. एका देशाकडून नोंद आली, ‘तांदळाची निर्यात बंद’. शेजारच्या देशातल्या पशुखाद्यवाल्यांनी कणी मिळणार नाही म्हणून घाईघाईने चढ्या भावाने मका घेतला. मूळ आदेश मागवून वाचला, तर बंदी फक्त १००६.३० या सीमाशुल्क कोडवर, म्हणजे गिरणीतून निघालेल्या तांदळावर. १००६.४०, म्हणजे कणी, मोकळीच होती.

तेव्हापासून प्रत्येक मालापुढे सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, सक्तीचा केला. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात, त्यापुढचे ज्याचे त्याचे. तारखांचे रकानेही वाढवले: सहीची, राजपत्राची, लागू होण्याची, मुदत संपण्याची. बंदीआधी जहाजात चढलेल्या मालाला सूट आहे का, हा रकाना व्यापाऱ्यांनी मागून घेतला. तो मला आधीच सुचायला हवा होता.

आपली बंदी शेजाऱ्याला कशाला सांगायची, असं बैठकीत कुणी म्हटलं की मी २००७-०८ ची आठवण काढायचे. तेव्हा जगात तांदळाचं पीक बुडालेलं नव्हतं. एकाने निर्यात रोखली, ते बघून दुसऱ्याने रोखली, आणि काही महिन्यांत भाव जवळपास तिपटीवर गेले. पुढे २०११ मध्ये जी-२० देशांनी ‘एमिस’ ही बाजार माहिती व्यवस्था सुरू केली, पण तिचा भर गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीनवर. कडधान्यांचं आमचं आम्हालाच बघायचं होतं.

सगळ्यात वेळ गेला तो माणसं शोधण्यात. मंत्रालयाला पत्र धाडलं की मोठ्या हुद्द्याचं नाव यायचं. मला हवी होती आदेशाचा मसुदा जिच्या टेबलावर तयार होतो ती व्यक्ती. ती सापडली की काम चालायचं, म्हणून मी पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली.

दर सोमवारी प्रत्येकाने कळवायचं, काही घडलं नसेल तर ‘बदल नाही’ एवढंच, असा नियम केला. एका देशाकडून सलग अकरा आठवडे ‘बदल नाही’ आलं. बाराव्या सोमवारी काहीच आलं नाही. फोन लावला, तर आमच्या संपर्कातल्या बाईंची बदली झालेली, आणि डाळींच्या आयात शुल्काचा नवा आदेश त्यांच्या रिकाम्या टेबलावर पडून होता. त्याच संध्याकाळी मी सहाही देशांकडे दुसरं नाव मागितलं.