बिलबुकाच्या गठ्ठ्यातून निघालेलं पत्र

१ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात जुन्या विक्रीकराच्या जागी व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, लागू झाला आणि आमच्या छापखान्यात पुढचे काही महिने एकच काम राहिलं, बिलबुकं. सांगलीच्या पेठेतल्या प्रत्येक दुकानाला नव्या नमुन्याचं बिल हवं होतं. हळदीचे अडते, बेदाण्याच्या पेढ्या, भांड्यांची दुकानं, सगळ्यांना आजच्या आज. गठ्ठा न्यायला आलेला माणूस काउंटरवर थांबायचा आणि विचारायचा, "वहिनी, यात नवीन नक्की काय आलंय?" मी बी. कॉम. झालेली, घरात नवी, पण कायद्याचं पुस्तक उघडून वाचायची सवय होती. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, "तेच तेच शंभर जणांना सांगण्यापेक्षा एक पान छाप. प्रत्येक गठ्ठ्यात घालू."

कटिंगमधून उरलेल्या कागदावर छापलेलं ते पान म्हणजे आमच्या मासिक पत्राचा पहिला अंक. खाली दोन बोटं जागा उरली, तिथे अण्णांनी एक ओळ टाकायला लावली: 'शंका असल्यास विचारा, पुढच्या पानात उत्तर देऊ.' लोक खरंच विचारू लागले. बिलाच्या मागे लिहून पाठवायचे, हमालाबरोबर निरोप द्यायचे. अण्णा स्वतः विक्रीकर कार्यालयात जाऊन विचारून यायचे आणि उत्तराखाली ज्याने चौकशी केली त्याचं नाव छापायचे. चुकलं तर लोकांनी कुणाला धरायचं, ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा नियम आम्ही आजवर मोडला नाही. एकदा मोडला, ते पुढे सांगते.

मधली वर्षं भराभर सांगते. पान एकाचे चार झाले, वर्गणी सुरू झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा बिलबुकांची शेवटची मोठी लाट आली आणि ती ओसरल्यावर बहुतेक दुकानांनी संगणकावर बिलं काढायला सुरुवात केली. बिलबुकाचं काम निम्म्याच्याही खाली आलं. वर्गणीदार मात्र वाढत होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यावरची कागदाची रीमं, जुने अंक, दोन संगणक, सगळं चिखलात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मशीन बंद पडलं, तेव्हा अंक पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवला, पुढे ईमेलवर. आज कागदाचा अंक फक्त मागणाऱ्यांना जातो, त्यात बहुतेक सत्तरीपुढचे वाचक आहेत.

पुरानंतरची एक गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. आमचे जुने अंक गेले हे कळल्यावर वाचकांनी आपापल्या जवळचे अंक आणून दिले. एका भांडीवाल्या काकांनी बारा वर्षांचे अंक बिलांच्या तारेत ओवून ठेवले होते. प्रत्येक पानाच्या मधोमध तारेचं भोक, आणि त्या भोकात एक-एक शब्द गेलेला. ती तार मी अजून काढलेली नाही.

एआयबद्दलचा पहिला प्रश्न २०२३ च्या उन्हाळ्यात आला. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला खुलं झालं होतं, पण आमच्या पेठेत पोहोचायला तेवढे महिने गेले. एका अडत्याचा व्हॉइस मेसेज होता: "वहिनी, नातवानं मोबाइलवर पेढीचं पत्र लिहून घेतलं, आमच्या दिवाणजींपेक्षा बरं लिहिलंय. हे आतून काय करतं?" करांचं सोडून दुसऱ्या विषयावर उत्तर द्यावं का, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. मी म्हटलं, लोक आपल्याला विचारतायत म्हणजे दुसरं कुणी त्यांना त्यांच्या भाषेत सांगत नाही.

उत्तर सुचलं ते अण्णांच्या हातांवरून. अण्णा मूळचे कंपोझिटर, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे हातानं जुळवणारे. लग्नपत्रिकेचा कागद समोर आला की 'आमचे येथे श्री' एवढं वाचून त्यांचा हात 'कृपेकरून'च्या खिळ्यांकडे जायचा. हजारो पत्रिका जुळवून हाताला पुढचा शब्द पाठ झालेला. हे यंत्र असंच आहे. त्यानं अफाट मजकूर पाहिलाय आणि या शब्दानंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते काढत जातं. पण लग्न कुणाचं, मुहूर्त कधीचा, हे हाताला ठाऊक नसतं. ते समोरच्या कागदावरून वाचावं लागतं. ही उपमा लोकांना एवढी पटली की त्या महिन्यात ६० च्या वर प्रश्न आले.

त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न बचत गटाच्या एका ताईंचा. शेंगदाण्याच्या चटणीच्या पाकिटाचं लेबल त्यांनी एआयकडून लिहून घेतलं. साहित्य, वजन, पत्ता, सगळं नीट. खाली अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही छापलेला. ताईंनी विचारलं, "माझा परवाना अजून आलेलाच नाही, मग हा नंबर कुणाचा?" मी तो नंबर पुन्हा पुन्हा पाहिला. दिसायला अगदी खरा. लेबलावर त्या जागी १४ आकडे असतात, म्हणून यंत्रानं १४ आकडे घातले, एवढंच. त्या अंकात आम्ही लेबलाचा तेवढा तुकडा मोठा करून पहिल्या पानावर छापला, नंबरावर फुली मारून.

आणि हे सगळं इतरांना समजावल्यावर दोनच अंकांनी मी स्वतः चुकले. ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या, प्रश्नाचं उत्तर घाईत होतं, मुलीला ताप होता, म्हणून कच्चा मसुदा यंत्राकडून घेतला आणि भाषा दुरुस्त करून तसाच लावला. त्यात लिहिलं होतं की ५० हजारांवरच्या कुठल्याही मालाला ई-वे बिल लागतं. आपल्या राज्यात, राज्यातल्या राज्यात माल जात असेल तर मर्यादा १ लाखाची आहे. परराज्यात जाणाऱ्या मालाला ५० हजारांची. हे मला पाठ होतं, कित्येकदा छापलंही होतं. पण समोर सुबक वाक्य आलं आणि नजर त्यावरून घसरली. अंक निघाल्यावर तासाभरात हळदीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, "वहिनी, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं." त्या उत्तराखाली नाव नव्हतं. कुणाचं टाकणार होते? मी चौकशी केलीच नव्हती.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर चूक, दुरुस्ती आणि ती कशी झाली हे तिन्ही छापलं. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५ हजार डॉलरचा दंड केला होता, कारण त्यांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी झालेच नव्हते असे निवाडे दाखल केले. ती बातमी मीच आधी वाचकांना सांगितली होती. माहीत असणं आणि हातून न घडणं यात किती अंतर आहे, ते मला तेव्हा कळलं.

यानंतर एक पोस्टकार्ड आलं, तासगावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. ते पहिल्या वर्षीपासूनचे वाचक. गेल्या तीन अंकांतली वाक्यं त्यांनी उतरवून काढली होती: 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे', 'चला तर मग जाणून घेऊया', 'आजच्या वेगवान युगात'. आणि खाली, "तुम्ही आमच्याशी असे बोलत नव्हता. कोण बोलते आहे?" मी ते कार्ड घेऊन बराच वेळ बसले. मसुदे यंत्राचे, दुरुस्त्या माझ्या, असं दोन-तीन महिने चाललं होतं, आणि माझी भाषा हळूहळू त्याच्या वळणावर गेली होती. घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, सरांच्या आलं.

तेव्हापासून आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे. व्हॉइस मेसेजवरून मजकूर उतरवणं, इंग्रजी अधिसूचनेचा पहिला कच्चा अर्थ लावणं, जुन्या अंकांत एखादा विषय कुठे आला होता ते शोधणं, ही कामं यंत्राला. उत्तर आम्ही लिहितो, कोऱ्या कागदापासून, आणि खाली नाव. यंत्राची मदत कुठे घेतली तेही शेवटच्या पानावर छापतो. याने अंकाला दोन दिवस जास्त लागतात, ते लागू देत.

मराठीबद्दलचा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच: इंग्रजीत एवढं हुशार असणारं हे यंत्र मराठीत का अडखळतं? २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली, पण संगणकाला वाचता येईल असा मराठी मजकूर त्या मानानं फार थोडा आहे. आम्ही छपाईवाले यात सामील आहोत. वर्षानुवर्षं आपण श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटमध्ये टाइप केलं. ती अक्षरं कागदावर सुंदर उमटतात, पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना एकसारखी कळणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या त्या फाइली जशाच्या तशा उघडल्या तर संगणकाला ती नुसती इंग्रजी चिन्हं. आमचे २००५ ते २०१२ चे अंक तसेच आहेत. शिवाय यंत्र मजकुराचे बारीक तुकडे करून वाचतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजीचं एक. ज्या यंत्राची तुकडे पाडायची पद्धत इंग्रजीवर बेतलेली, त्याच्याकडे आपल्या शब्दांचा भुगा होतो. आता यात सुधारणा होते आहे. आयआयटी मद्रासच्या 'एआयफोरभारत' गटानं २०२३ मध्ये घटनेतल्या २२ भाषांसाठी खुलं भाषांतर-यंत्र दिलं, केंद्र सरकारची 'भाषिणी' ही भाषांतराची सेवा आहे.

तरी आमच्या टायपिंगच्या ताई एका जागी अजून रोज थांबतात. त्या १८ वर्षं आमच्याकडे आहेत. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणली की 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. 'आचाऱ्यांना पगार' असेल तर 'आचार्यांना पगार' होतं आणि स्वयंपाकी गुरुजी होतात. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. स्क्रीनवर बोट ठेवून त्या एकेक शब्द दुरुस्त करतात.

फसवणुकीचे प्रश्न आम्ही रांगेत ठेवत नाही, लगेच उत्तर देतो. एका वाचकाला मुलाच्या आवाजात फोन आला, अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा. मुलगा पुण्यात कामावर होता. थोड्याशा ध्वनिफितीवरून आवाज बनवता येतो, हे आता सगळ्यांनी घरात सांगून ठेवायला हवं. फोन ठेवा, आपल्याकडच्या नंबरावर स्वतः लावा, घरात एक खुणेचा शब्द ठरवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक. हा नंबर आम्ही प्रत्येक अंकाच्या शेवटी ठळक छापतो.

"बारामतीत उसाला एआय लावलाय, माझ्या तीन एकराला परवडेल का?" असे प्रश्नही पुष्कळ. तिथे जमिनीत सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं मिळून पाणी-खताचा सल्ला मिळतो, एवढं आम्ही सांगतो. पुढचं आपल्या कारखान्याच्या शेती विभागाला विचारा म्हणतो. शेतीचा सल्ला देण्याचा अधिकार आमचा नाही.

अलीकडे तरुण मुलं-मुली विचारतात, आम्हालाही असं पत्र काढायचंय, सुरुवात कशी करू? ज्यांनी स्वतः मागितलंय त्यांनाच पाठवा. नंबरांच्या याद्या विकत मिळतात, त्यांना हात लावू नका. कागदावर नियमित अंक काढणार असाल तर नोंदणीचा कायदा पाहा. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झालाय. ईमेलचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी मागायला सुरुवात केली. दिवसाला ५ हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोयही सक्तीची आहे. आम्ही एवढे मोठे नाही, तरी दोन्ही केलं. किती जणांनी मेल उघडला हा आकडा फार मनावर घेऊ नका. २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये तो आकडा उगीच फुगतो. मी उत्तरं मोजते. महिन्याला किती वाचकांनी उलट लिहिलं, तेवढंच पाहते.

गेल्या जूनमध्ये कवठेमहांकाळच्या एका मुलाचा प्रश्न आला. बारावी झाली, डीटीपी (संगणकावर पानं टाइप करून जुळवणं) शिकायचं होतं, पण मामा म्हणतात एआयनं ते काम संपणार. टायपिंगच्या ताईंनीच उत्तर लिहिलं, आपल्या नावानिशी. नुसत्या टायपिंगचं पानामागचं उत्पन्न आमच्याकडे जवळजवळ संपलंय, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. वाचणं संपलेलं नाही, आणि ते शिकायचं असेल तर ये, हेही लिहिलं.

तो आला. पहिल्या दिवशी ताईंनी त्याला भांडीवाल्या काकांच्या तारेतला २००७ सालचा एक अंक दिला आणि यंत्रानं त्याच पानाची वाचून काढलेली प्रत. भोकाच्या जागी यंत्रानं वाक्य बिनदिक्कत पुरं केलं होतं, 'उशिरा भरलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज'. व्हॅटचं व्याज दरमहा सव्वा टक्का होतं. तारेनं 'सव्वा' खाल्ला होता. संध्याकाळी मुलानं प्रत परत केली. ताईंच्या मोजणीप्रमाणे ३४ चुका होत्या, त्यानं ३१ धरल्या होत्या. 'एक'वर त्यानं काट मारली होती, वर दुसरा शब्द लिहिला नव्हता. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथे भोक आहे. कुणाला विचारू?'