कागदी कंदिलातला बल्ब

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ करायचं आमच्या हौशी गटात ठरलं आणि प्रकाशयोजना माझ्याकडे आली. नाटक १९४७ चं, घडतं न्यू ऑर्लिन्समध्ये. तेंडुलकरांनी ते ‘वासनाचक्र’ या नावानं मराठीत आणलं आहे. नावातली डिझायर ट्राम त्या काळी त्या शहरात खरोखरच धावायची.

लाइट्सवाल्या माणसाचं संहिता वाचणं जरा निराळं असतं. दिवा कुठे आहे, कोण लावतं, कोण विझवतं, तेवढ्याच पेन्सिलीनं खुणा करत जायचं. इथे त्या खुणा जोडल्या तर सगळं नाटकच समोर उभं राहत होतं. मिसिसिपीतली वडिलोपार्जित इस्टेट गमावून ब्लांश धाकट्या बहिणीच्या, स्टेलाच्या, दोन खोल्यांच्या घरात येते. उघडा बल्ब तिला सहन होत नाही. तिसऱ्या प्रवेशात ती स्टेलाचा नवरा स्टॅन्ली याच्या मित्राला, मिचला, त्यावर कागदी कंदील चढवायला लावते. नवव्यात तोच मिच कंदील ओरबाडून दिवा लावतो, तिचा चेहरा नीट बघायला. शेवटच्या प्रवेशात स्टॅन्ली तो फाडून तिच्या हातात देतो, तेव्हा ती अशी किंचाळते की जणू तिलाच फाडलं.

वय लपवायची धडपड, असं म्हणून हे सोडून देता येतं. आमचा दिग्दर्शक तसंच म्हणत होता. पण सहाव्या प्रवेशात ब्लांश मिचला आपल्या पहिल्या प्रेमाबद्दल सांगते. कोवळ्या वयात लग्न झालेला ॲलन. त्याचं पुरुषाशी असलेलं नातं तिला कळलं, नाचता नाचता ती त्याला टाकून बोलली, त्यानं बाहेर जाऊन स्वतःवर गोळी झाडली. त्या प्रेमानं जगावर सर्चलाइट पडल्यासारखं झालं होतं, तो विझला आणि त्यानंतर स्वयंपाकघरातल्या मेणबत्तीहून मोठा उजेड कधी मिळालाच नाही, असं ती म्हणते. हे वाचल्यावर तो कंदील मला नुसता सुरकुत्या झाकणारा वाटेना.

आणि स्टॅन्लीला काय हवंय? आठव्या प्रवेशात तो स्टेलाला म्हणतो, ही गेली की आपले रंगीत दिवे पुन्हा लागतील. रंगीत दिवे म्हणजे नवरा-बायकोच्या रात्री; पडद्यापलीकडे कुणी ऐकणारं नसेल, ही त्यातली गोम. म्हणजे इच्छा दोघी बहिणींच्या घरी सारखीच. एकीची लग्नात बसते म्हणून संसार ठरते, दुसरीची बसत नाही म्हणून तिला गाव सोडावं लागतं. मी रंगीत जेल, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक पट्ट्या, फक्त स्टॅन्ली-स्टेलाच्या जागी वापरल्या, आणि पोकरच्या रात्री. तिथे लेखकानंच रंग दिलेत: टेबलावर हिरव्या काचेच्या शेडचा दिवा, खेळणाऱ्यांचे ठसठशीत रंगांचे शर्ट.

कंदिलानं मात्र छळलं. एलईडी बल्ब डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, धड उतरत नव्हता, फडफडायचा. शेवटी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब शोधून आणला. तो मंद केला की आपोआप नारिंगी होतो, ब्लांशला हवा तसा. कागद निघाला की त्यालाच पूर्ण चढवायचा. पण उघडा बल्ब पूर्ण चढवला तर प्रेक्षकांचे डोळे दिपतात आणि नटीचा चेहराच दिसत नाही. म्हणून बल्ब निम्म्यावर ठेवला, चेहऱ्यावरचा पांढरा उजेड वरच्या स्पॉटमधून दिला. सत्य दाखवणारा उजेडही असा उसना! तालमीत यावर आम्ही खूप हसलो.

वाद झाला तो दहाव्या प्रवेशावरून. स्टॅन्ली ब्लांशवर बलात्कार करतो, तिथे दिग्दर्शकाला लाल हवा होता. मी ठाम नकार दिला. लाल केला की ते वासनेचं दृश्य होतं, आणि ते तसं नाही. तो तिला मोडतोय. शिवाय इतके दिवस तिचा खोटेपणा उघडा पाडणारा हा माणूस यापुढे स्वतःच्या खोटेपणावर घर चालवणार आहे. स्टेला शेजारणीला स्पष्ट सांगते, ब्लांशचं खरं मानलं तर मला स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही. ब्लांशचा भ्रम कागदाचा, दोन हातांनी फाटतो. स्टेलाचा कुणी फाडत नाही, कारण त्यावर तान्ह्या मुलासकट तिघांचं घर उभं आहे. मला हे नाटकातलं सगळ्यात भयंकर वाटतं. शेवटी लालवर फुली पडली, गार निळा राहिला.

शेवटचा क्यू, म्हणजे शेवटचा प्रकाशबदल, मात्र अजून भांडणाचा विषय आहे. ब्लांश तिला मनोरुग्णालयात न्यायला आलेल्या डॉक्टरच्या हाताला धरून गेल्यावर दिग्दर्शकाला सगळं हळूहळू मावळायला हवं होतं. पण संहितेत शेवटचं वाक्य पोकरच्या टेबलावरचं आहे, पुढचा डाव कोणता ते सांगणारं. डाव चालू असताना टेबलावरचा दिवा कोण मंद करील? मी तो हिरवा दिवा पडदा पडेपर्यंत पूर्ण चढवूनच ठेवला. प्रयोगानंतर एक काका येऊन म्हणाले, “तुमचा तो दिवा विझवायचा राहिला वाटतं.” दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता.