यू-टर्नला चाक सुटतं : सीझनचे पहिले सात आठवडे

दसऱ्याला सायकलला हार घालायला गेलो, तेव्हा चेन गंजून लाल झालेली दिसली. पावसाळाभर भिंतीला टेकवून ठेवल्याची शिक्षा. चेनची झीज मोजणारा गेज लावला तर ०.७५ ची बाजू सरळ आत गेली, म्हणजे चेन पार झिजलेली. नवी चेन टाकली, तर ती जुन्या कॅसेटवरून (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावरून) घसरायला लागली, म्हणजे तीही गेली. दुकानात ११-२८ होती (सगळ्यात मोठ्या चकतीला २८ दाते), चढाला हलकी पडणारी ११-३२ नव्हती. घाईघाईत ११-२८ घेतली. ही चूक पुढे कामाला येणार आहे.

पहिले चार आठवडे फक्त हळू. इंदूरच्या लोकमान्य नगरहून महू आणि परत, ४५ किलोमीटरच्या आसपास, आठवड्यातून तीनदा, नाडी १३५ च्या आत. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात राऊच्या अलीकडे दुधाच्या कॅन लादलेला एक भिया साध्या सायकलवर रोज मला मागे टाकून जायचा, तेव्हा पाय आवरणं हाच खरा व्यायाम. त्याच नाडीला पहिल्या आठवड्यात सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर यायचा, चौथ्यात २४.५. सगळं श्रेय पायांना देत नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर सकाळही थंड झाली होती.

पाचव्या रविवारी सुपर कॉरिडॉरवरच्या वेगवान ग्रुपमध्ये शिरलो. आम्ही चौदा जण. रुंद, सपाट रस्ता, बाजूला मेट्रोचे खांब, आणि टोकाला पोहोचलं की यू-टर्न. नियम एकच : जो सुटेल, म्हणजे पुढच्याचं चाक न धरता आल्यानं मागे पडेल, त्याच्याकडून सगळ्यांना पोहे-जिलबी.

मी तिसऱ्या यू-टर्नला सुटलो.

घरी येऊन आलेख पाहिला तर गंमत. सरळ रस्त्यावर ३५ च्या वेगाला माझी नाडी १५५, अगदी आरामात. इतक्या वेगाला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो आणि पुढच्याच्या चाकामागे चिकटून येणाऱ्याचा त्यातला बराचसा वाचतो, हे सगळ्यांना माहीतच आहे. पण प्रत्येक वळणानंतर नाडी १८० ला टेकत होती. पुढचा वळून ३० वर पोहोचतो, तेव्हा शेवटचा अजून १५ ने वळतच असतो. पुढच्यांनी मारलेला प्रत्येक ब्रेक मागे येता येता वाढत जातो, आणि मग ती फट भरायला शेवटच्याला स्प्रिंट मारावी लागते. मी नवीन, म्हणून संकोचानं शेवटी बसलो होतो. म्हणजे सगळ्यात महागडी जागा मीच घेतली होती.

ग्रुपमधल्या एका काकांनी, वय अठ्ठावन्न, पोहे खाता खाताच सांगितलं, "अरे, तू सगळ्यांचे ब्रेक फेडतोयस. वळणाआधी चौथ्या-पाचव्या नंबरावर ये. आणि गिअर वळायच्या आधी हलका कर, वळल्यावर नाही." पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत आणखी एक : पुढच्याच्या टायरकडे बघू नकोस, कमरेकडे बघ, तो सीटवरून उठणार असेल तर कमर आधी सांगते.

बुधवारची महूवारी बंद करून बायपासच्या सर्व्हिस रोडवर आठ फेऱ्या सुरू केल्या : १५ च्या वेगावरून ३० सेकंद पूर्ण जोर, मग दोन मिनिटं हलकं. सहाव्या रविवारी वळणं छान जमली, तर शहाणपणा सुचला. सगळ्यांच्या पुढे गेल्यावर हवा कापत ३७ ने दोन मिनिटं ग्रुपला ओढत राहिलो. सगळे तीस-तीस सेकंदांत बाजूला होत होते, मला मात्र कोणाला तरी दाखवायचं होतं. बाजूला होऊन मागे सरकलो, आणि शेवटच्याचं चाक पकडायला पायात काही उरलंच नव्हतं. पुन्हा चौदा प्लेट.

सातव्या रविवारी शेवटपर्यंत टिकलो. पुढे राहून ओढणं २० सेकंदांपुरतं, वळणाला पाचवा. सर्वाधिक नाडी १७२.

जानेवारीत २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरूनही तासाला पंधराच्या आत काम भागतं. मग हा ग्रुप कशाला, असं बायको विचारते. मजा येते, दुसरं काही नाही.

पुढच्या रविवारी काका खंडवा रोडनं सिमरोल घाट म्हणताहेत, चोरलपर्यंत. जाताना उतार, येताना चढ. यू-टर्न एकच. पण माझं वजन ८१ किलो आणि मागे ११-२८. पोह्यांचे पैसे खिशात ठेवूनच निघेन.