तुम्ही विचारलंत म्हणून : हे चपटे बूट कसले, आणि मी घेऊ का?

यवतेश्वरचा घाट उतरून समर्थ मंदिरापाशी चहाला थांबलं की कोणीतरी हमखास माझ्या पायांकडे बघतं. "मॅडम, बुटाची टाच झिजली का?" झिजली नाही, मुळातच नाहीये. मग पुढचा प्रश्न ठरलेला : "मी घेऊ का असले? माझा गुडघा दुखतो." साताऱ्यात पळणाऱ्यांची संख्या इतकी वाढलीय की आठवड्यातून दोनदा तरी हे उत्तर द्यावं लागतं, आणि घाईत दिलेलं उत्तर लोक आपल्याला हवं तसं ऐकतात. म्हणून एकदा बैजवार लिहिते.

नेहमीच्या पळायच्या बुटांत टाचेखालचा फोम पंजाखालच्या फोमपेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटर जास्त जाड असतो. या फरकाला ड्रॉप म्हणतात. माझ्या बुटांत तो शून्य आहे. तळ पातळ, कमानीखाली उंचवटा नाही, टाचेला कडक वाटी नाही. ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळता येतो, वळकटी करून पर्सच्या कप्प्यात टाकता येतो. मी ४,२०० रुपये दिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे देऊन अनवाणीच पळायचं होतं, तर फुकट पळायचंस." त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे.

निवडायचं म्हटलं की लोक आधी तळाची जाडी विचारतात. मी आधी रुंदी बघते. घरी जुन्या वहीचा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर अनवाणी उभे राहा, पूर्ण वजन देऊन. बसून काढू नका. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. कोणाला तरी पेन्सिल सरळ धरून कडेने फिरवायला सांगा. मग रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवा. मी ठेवला तेव्हा करंगळी अख्खी बुटाच्या बाहेर होती आणि अंगठ्याचा निम्मा भाग. दहा वर्षं मी माझं पाऊल एका त्रिकोणात कोंबत होते आणि वर नखं काळी पडतात म्हणून बुटाचा नंबर वाढवत होते. नंबर वाढवला की लांबी वाढते, पंजा आवळलेलाच राहतो.

दुकानात याहून सोपं : बुटातला सुटा सोल बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. बोटं सोलच्या बाहेर सांडली तर तो बूट परत ठेवायचा, सवलत कितीही असो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि बूट संध्याकाळी घ्यायला जावं, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. शाळेतले पीटीचे कॅनव्हासचे बूट चालतील का, असंही काही जण विचारतात. ते चपटे असतात खरे, पण चवड्याशी निमुळते, म्हणून मी नाही म्हणते.

आता माझी फजिती. बूट आले त्या आठवड्यात मी ३ किलोमीटर पळले. हलकं हलकं वाटलं, जणू शाळेच्या मैदानावर. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरावा लागला. ते ठीक होतं, ते होणारच. टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते, आणि पावलाचा पुढचा भाग आधी टेकला की धक्का झेलायचं कामही त्यांच्याकडेच येतं. चूक पुढे झाली. पोटऱ्या आठ-दहा दिवसांत सरावल्या, मला वाटलं जमलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मी त्याच बुटांत घाट चढून, धावत उतरून आले. १२ किलोमीटर. उतारावर जोर सगळा पंजावर.

दोन दिवसांनी पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, एक बिंदू दुखू लागला. अख्खं पाऊल नव्हे, बोटाच्या पेराने दाबता येईल एवढाच. एक्स-रे स्वच्छ आला. मी खूश होऊन पुन्हा पळणार होते, पण डॉक्टर म्हणाले, बारीक तडा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसला. सहा आठवडे पळणं बंद. स्नायू आठवड्यात शिकतात, हाडाला महिने लागतात, आणि हाड आधी काही सांगत नाही. अमेरिकेत २०१३ साली पळणाऱ्यांचा एक गट १० आठवड्यांत पाच बोटांच्या, म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या, पातळ बुटांवर आणून पाहिला होता. १९ जणांपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हे मी पाय उशीवर ठेवून वाचलं.

म्हणून माझं वेळापत्रक कंटाळवाणं आहे. पहिला महिना फक्त घरात आणि बाजारात घालून चालायचं. मग दर पळण्याच्या शेवटी ५ मिनिटं, सपाट रस्त्यावर. बाकी जुने बूट. आठवड्याला थोडी थोडी वाढ. अख्खं पळणं या बुटांत करण्यापर्यंत यायला मला दुसऱ्या खेपेस आठ महिने लागले. पावलं लहान आणि भरभर टाकायची, एवढंच तंत्र. पंजावर पळायचं असं ठरवून टाचा हवेत धरू नका, पोटऱ्या फाटतील.

आता दाखले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. हे मला सारखं ऐकवलं जातं. तोच बिकिला चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पळाला आणि तीन मिनिटं लवकर पोचला, हे कोणी ऐकवत नाही. बारामतीत अनवाणी पळालेल्या लता करे यांचंही नाव निघतं. त्यांना नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते. तळवे बळकट करायला त्या पळाल्या नव्हत्या. तो दाखला बुटांच्या गप्पांत आला की मला अवघडल्यासारखं होतं.

हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन यांनी २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं, की लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुधा पावलाचा पुढचा भाग आधी टेकवतात आणि टाचेवर बसणारा पहिला धक्का टाळतात. त्यातून दुखापती कमी होतात असं काही त्यात सिद्ध केलेलं नव्हतं. पण तेव्हा अशा बुटांची लाट अशी उसळली की पाच बोटांचे बूट करणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. आरोग्याचे दावे पुराव्याशिवाय केले, हा आरोप. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मग गुडघ्याचं काय? पातळ बुटांत गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, पण तो गायब होत नाही, घोट्यावर आणि पोटरीवर जातो. गुडघा कुरकुरतो आणि पोटऱ्या दणकट आहेत, अशांना बरं वाटू शकतं. टाचेमागची शीर आधीच दुखत असेल तर मी सरळ नको म्हणते. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर हे बूट घ्यायचेच नाहीत, कारण जाणीव हाच यांचा सगळा आधार. बाभळीचा काटा या तळातून आरपार येतो. मला कासच्या रस्त्याकडेला आला तेव्हा निदान कळलं तरी.

मी स्वतः आता आठवड्यातले तीन दिवस हे घालते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला मात्र जाड तळाचे जुनेच बूट, कारण उतार मला आठवतो. समर्थ मंदिरापाशच्या चहाच्या टपरीवरचे काका गेल्या रविवारी कागदावर काढलेलं पाऊल घेऊन आले होते, घडी घालून खिशात. करंगळीपाशी पेन्सिल घसरली होती, म्हणून मी त्यांना पुन्हा काढायला सांगितलंय.